निव्हर्ने कालव्याच्या काठाने: फ्रान्सच्या खेड्यांतली पहिली सायकलफेरी

पॅरिसला आलेल्या ओळखीच्या माणसाला सायकलची आवड आहे असं कळलं की मी त्याला आयफेलच्या रांगेतून बाहेर काढतो आणि बेर्सी स्टेशनवर नेतो. तिथून सुटणारी प्रादेशिक गाडी पावणेदोन-दोन तासांत ओसेरला पोचवते. रोमन लिपीत या गावाच्या नावात ‘एक्स’ आहे, पण म्हणायचं ‘ओसेर’च. ‘ऑक्झेर’ म्हणालात तरी तिकीट मिळतं, फक्त खिडकीमागच्या बाईंच्या चेहऱ्यावर हसू येतं.

ओसेरला योन नदीच्या काठी निव्हर्ने कालवा सुरू होतो आणि १७४ किलोमीटर दक्षिणेला, दसीझजवळच्या सँ-लेजे-दे-व्हीन्य या गावी लुआर नदीला मिळतो. फ्रान्समध्ये सायकल चालवायला यापेक्षा नावाजलेले मार्ग बरेच आहेत. लुआरच्या काठचे राजवाडे आहेत, दक्षिणेचा मिदी कालवा आहे. तरीही पहिल्यांदा येणाऱ्याला मी हाच सांगतो. चढ नाही म्हणावा इतका कमी, गाड्या जवळजवळ नाहीत, एका बाजूला मोर्वाँचं जंगल, आणि अर्ध्या वाटेपर्यंत पाय गळाले तर परत फिरायला सोबत रेल्वेही.

काठ इतका रिकामा का, त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. कालव्याचं काम १७८४ मध्ये सुरू झालं ते लाकडासाठी. पॅरिसच्या चुलींना आणि शेकोट्यांना मोर्वाँच्या जंगलातलं सरपण लागायचं. त्याआधीपासून ओंडके ओढ्यांत सोडून द्यायचे, क्लामसीला ते अडवून त्यांचे मोठे तराफे बांधायचे आणि त्यांवर उभं राहून माणसं थेट पॅरिसला जायची. कालवा पूर्ण व्हायला १८४०चं दशक उजाडलं, आणि पाठोपाठ रेल्वे आली. पुढे १८७९च्या कायद्याने फ्रान्सभरच्या कालव्यांची मापं ३८.५ मीटर लांबीच्या नावांसाठी वाढवायची ठरली, पण निव्हर्नेचा मधला भाग ३० मीटरवरच राहिला. मोठ्या मालवाहू नावा आत शिरेनात. धंदा गेला आणि शांतता उरली. आज तिथे सुट्टीवरच्या लोकांच्या भाड्याच्या नावा, मासे धरणारे आजोबा आणि तुम्ही.

आधी दिवस ठरवा, मग किलोमीटर

नवख्यांची पहिली चूक इथेच होते. पुण्याचा माणूस म्हणतो, ‘मी दर रविवारी ऐंशी करतो, हे तर सपाट आहे, दोन दिवसांत संपवू.’ सपाट आहे हे खरं. ओसेर समुद्रसपाटीपासून साधारण १०० मीटरवर आणि कालव्याचा माथा साधारण २६० मीटरवर. म्हणजे शंभरेक किलोमीटरमध्ये मिळून सिंहगडाच्या निम्म्या चढाईएवढंही धड नाही. पण सपाट रस्त्याला उतारही नसतो. सिंहगड चढताना घाम निघतो, मग उतरताना पाय थांबतात, पाठ सरळ होते, बूड सीटवरून उठतं. कालव्यावर पॅडल थांबवलं की सायकल थांबते. एकाच आसनात, एकाच गिअरमध्ये, चाळीस किलोमीटर. संध्याकाळी पाय ठणठणीत असतात, पण सीटवर टेकवत नाही आणि हाताची शेवटची दोन बोटं बधिर झालेली असतात.

म्हणून पहिल्या दिवशी ४०च्या वर जाऊ नका. पूर्ण कालव्याला चार दिवस ठेवा, जंगलात वळायचं असेल तर पाच. फक्त शनिवार-रविवार असेल तर ओसेर ते क्लामसी करा, साधारण ६० किलोमीटर. क्लामसीहून ओसेरकडे प्रादेशिक गाडी परत येते. तिच्या दिवसभरात मोजक्याच फेऱ्या असतात, तेव्हा वेळापत्रक निघायच्या आधीच बघा. रविवारचं वेगळं असतं.

किती आलो, किती राहिलं हे कळायला मोबाइल काढावा लागत नाही. कालव्यावर ठिकठिकाणी पाण्याच्या पायऱ्या आहेत. दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद, नाव आत घ्यायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, नाव वर किंवा खाली. मराठीत याला जलपाश म्हणतात, तिथे ‘एक्ल्यूज’. प्रत्येक एक्ल्यूजला एक नंबर आणि शेजारी राखणदाराचं टुमदार घर. घराच्या भिंतीवर पाटी असते: नाव, आणि मागचा-पुढचा एक्ल्यूज किती अंतरावर. ओसेरहून निघालात की नंबर ८१ पासून उतरत जातात, माथ्यावर १ येतो, आणि पलीकडे पुन्हा १ पासून चढत लुआरपाशी ३५ होतात. मी दर पाचव्या नंबरला उतरतो. तहान असो-नसो, सायकल भिंतीला टेकवायची, दोन मिनिटं चालायचं. बुडाला याचा उपयोग महागड्या पॅडवाल्या चड्डीपेक्षा जास्त होतो. (चड्डीही घाला. आत दुसरं काही न घालता. हे कोणी सांगत नाही आणि मग सालटी निघतात.)

सायकल आणि तिच्यावर काय लादायचं

कालव्याकाठची वाट मुळात नावा ओढणाऱ्या घोड्यांची आणि माणसांची. आज तिच्यावर कुठे गुळगुळीत डांबर, कुठे दाबून बसवलेली पांढरी चुनखडी, आणि अधूनमधून निव्वळ गवतातल्या दोन चाकोऱ्या. चुनखडी कोरडी असताना छान पळते. पाऊस पडला की तिचा पिठल्यासारखा लगदा होतो, तो चेनवर, ब्रेकवर, पोटऱ्यांवर बसतो आणि वाळला की खरवडून काढावा लागतो. मडगार्ड लावाच. मागून येणारा मित्र दुवा देईल.

टायर ३२ ते ३८ मिलिमीटर रुंदीचे असावेत. तुमच्याकडे २५चे टायर असलेली निव्वळ रेसची सायकल असेल तरी घाबरू नका, पण मग काठाचा हट्ट धरू नका. कालव्याला जवळजवळ सगळीकडे समांतर छोटा रस्ता आहे. त्याचा नंबर ‘डी’ने सुरू होतो. डी म्हणजे जिल्ह्याचा रस्ता. आपल्याकडच्या जिल्हामार्गाचं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. त्यावर तासाला दहा गाड्या दिसल्या तर त्या दिवशी जवळपास कुठेतरी जत्रा आहे असं समजा. वाट खराब झाली की पुलावरून रस्त्यावर जायचं, तीन-चार किलोमीटरनंतर पुढच्या पुलावरून पुन्हा काठावर. असं शिवणीसारखं आत-बाहेर करणं हेच या भागात सायकल चालवणं.

भारतातून सायकल खोक्यात घालून आणायचा खटाटोप पहिल्या वेळी करू नये असं माझं मत आहे. ओसेरला भाड्याने मिळतात. मे ते सप्टेंबरसाठी आधी मेल करून उंची कळवा. घेताना तीन गोष्टी तपासा: सीट तुमच्या मापाची, मागे कॅरिअर, आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह कोणत्या जातीचा. फ्रान्समध्ये बारीक तोंडाचा, टोकाला छोटी चकती असलेला व्हॉल्व्ह सर्रास असतो. ती चकती सैल केल्याशिवाय हवा जात नाही. दोन ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, चेनचं तेल, हे सगळं जवळच हवं. ओसेर आणि क्लामसीच्या मधल्या गावांत सायकलचं दुकान भेटेल या भरवशावर राहू नका.

पंक्चरबद्दल एक खास. शरद ऋतूत शेतकरी यंत्राने कुंपणं छाटतात आणि हॉथॉर्नचे काटे रस्त्यावर विखुरतात. नुकतं छाटलेलं कुंपण दिसलं की रस्त्याच्या मधोमध चाला, आणि पंक्चर झालंच तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा. मी एकदा न शोधता ट्यूब बदलली. अर्ध्या किलोमीटरवर दुसरीही गेली. नंतर सात किलोमीटर सायकल ढकलत चाललो, आणि कुंपणापलीकडून पांढऱ्याशुभ्र गाई रांगेने सोबत येत माझ्याकडे बघत होत्या.

उजवीकडून

फ्रान्समध्ये गाड्या उजवीकडून चालतात, हे प्रत्येकाला माहीत असतं. धोका मोठ्या रस्त्यावर नसतोच; तिथे समोरची रहदारी आठवण करून देते. धोका असतो जेवण करून, पेंगुळलेल्या डोळ्यांनी, रिकाम्या खेड्यातून पुन्हा निघताना. पहिल्या वर्षी मी असाच एका चौकातून डावीकडे लागलो, शीळ वाजवत. वळणावर समोरून पांढरी व्हॅन. दोघांनी ब्रेक दाबले, मधे हातभर अंतर. चालकाने काच खाली केली, शिवी न देता फक्त बोट दाखवून ‘आ द्र्वात’ म्हणाला, उजवीकडे. तेव्हापासून हँडलच्या उजव्या बाजूला मी लाल दोरा बांधतो. थांबून निघताना आधी दोऱ्याकडे बघायचं. हसतात लोक, हसू देत.

दुसरी गोष्ट जास्त फसवी. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. गल्ली कितीही बारकी असो, तिथून म्हातारी ट्रॅक्टर घेऊन निघाली तर थांबायचं तुम्ही. तुमच्या रस्त्याला पिवळ्या चौकोनाची, टोकावर उभी केलेली पाटी असेल तर हक्क तुमचा. तीच पाटी काळ्या रेघेने कापलेली दिसली की संपला.

बाकी नियम भराभर: घंटी, पुढे-मागे दिवे आणि रिफ्लेक्टर सक्तीचे. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जाकीट सक्तीचं. हेल्मेट कायद्याने फक्त १२ वर्षांखालच्यांना, पण घाला. कानात इअरफोन चालत नाहीत, दंड होतो. गाडीने तुम्हाला मागे टाकताना गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवायचं असतं आणि बहुतेक चालक ते ठेवतात; आपल्याकडून गेलेल्या माणसाला सुरुवातीला यावर विश्वासच बसत नाही, मागची गाडी इतका वेळ हॉर्न न वाजवता का रेंगाळतेय असं वाटतं. ती वाट बघत असते. दारूची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे, आणि या वाटेवर शाब्लीच्या द्राक्षमळ्यांच्या जवळून जायचंय, म्हणून सांगितलं. अडचण आली तर ११२.

भाकरीचं वेळापत्रक

माझ्या मते या प्रवासात नकाशापेक्षा महत्त्वाचं काय असेल तर बेकरीच्या वेळा. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, दोन उघड्या दुकानांमधलं मोजा.

खेड्यातली बेकरी, ‘बुलाँझरी’, सकाळी साताच्या सुमारास उघडते, साडेबारा-एकला बंद होते, चार नंतर पुन्हा उघडते. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, बहुधा सोमवार. रविवारी दुपारनंतर सगळंच बंद. ऑगस्टमध्ये मालक पंधरा दिवस गावालाच नसतो, दारावर कागद चिकटवलेला. हॉटेलात दुपारचं जेवण बारा ते दोन. पावणेदोनला पोचलात तर कपाळावर आठी, सव्वादोनला पोचलात तर स्वयंपाकघर बंद. आपल्याकडे हायवेच्या धाब्यावर चार वाजताही गरम पोळी मिळते, त्या सवयीने इथे उपाशी मराल. सोमवारी निघणं शक्यतो टाळा. निघायचंच असेल तर रविवारी सकाळी दोन दिवसांचं घेऊन ठेवा.

पहिल्या फेरीत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सोमवार, दोन गावं, दोन्ही बेकऱ्या बंद, पिशवीत एक केळं. दुपारी तीनला डोळ्यांसमोर काजवे. एका एक्ल्यूजच्या घराबाहेर आजी वांग्यांना पाणी घालत होत्या. मी ‘बोंजूर मादाम’ म्हणालो आणि पुढचं फ्रेंच विसरलो. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आत गेल्या आणि अर्धा पाव, दोन टोमॅटो आणि मीठ घेऊन आल्या. मीठ खिशात ठेवायची सवय मला तेव्हापासून आहे.

‘बोंजूर’वरून आठवलं. दुकानात, वाटेवर, कुठेही काही विचारण्याआधी हा शब्द पहिला. थेट ‘टॉयलेट कुठे आहे’ असं इंग्रजीत विचारलंत तर समोरचा दगड होतो. आधी ‘बोंजूर मादाम’ किंवा ‘बोंजूर मस्य’, क्षणभर थांबायचं, उत्तर येऊ द्यायचं, मग कोणत्याही भाषेत विचारा. अर्धं काम झालेलं असतं.

शाकाहारी मंडळींसाठी: ‘व्हेजेतारियँ’ एवढ्याने भागत नाही. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, ‘लार्दों’, हे बऱ्याच स्वयंपाक्यांच्या लेखी मांस नसून मसाला आहे. ते सॅलडमध्ये असतात, किशमध्ये असतात, बर्गंडीच्या वाइनमधल्या अंड्यांतही असतात. तेव्हा स्पष्ट सांगा: ‘साँ व्यांद, साँ प्वासों, साँ लार्दों.’ गरम शेळीच्या चीजचं सॅलड, ऑम्लेट आणि या भागातले चीज घातलेले पोकळ फुगे, ‘गुझेर’, हे भरवशाचे. एका बेकरीतून सहा गुझेर घ्यायचे आणि कागदाची पिशवी हँडलला लटकवायची, पुढचे वीस किलोमीटर सुखाचे. लांब पावाला फ्रेंच ‘बागेत’ म्हणतात; आमच्या आत्याने फोनवर विचारलं होतं, ‘दुपारी काय खाल्लंस?’ मी म्हटलं ‘बागेत.’ ‘अरे कुठे नाही, काय?’

घरून आणायचं तर शेंगदाण्याची चिक्की, खाकरे, लसणाची कोरडी चटणी. पेढे-बर्फी आणि दुधाचे इतर पदार्थ युरोपियन संघाच्या सीमेवर आणता येत नाहीत, ते आईला आधीच सांगा.

पाणी. कालव्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी नको. नेहमीची युक्ती म्हणजे स्मशानभूमी. प्रत्येक गावाच्या कडेला दगडी भिंतीआड ती असते, लोखंडी फाटक ढकलून आत गेलं की बहुतेक ठिकाणी फुलझाडांसाठी नळ असतो. बाटली भरा, फाटक मागे लावा, आवाज करू नका. नळावर ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पिण्याचं नाही. पहिल्यांदा मला फार अवघडल्यासारखं झालं. नंतर बघितलं तर कबरीवर फुलं ठेवायला आलेले काका स्वतःच नळ सोडून देत होते.

वाटेवर

ओसेरहून सकाळी निघालात की कॅथेड्रलचे मनोरे बराच वेळ मागे वळून दिसतात. पहिले वीस-पंचवीस किलोमीटर द्राक्षं आणि चेरी. जूनमध्ये आलात तर रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडलेल्या असतात. मायी-ल-शातो हे पहिल्या मुक्कामाला चांगलं. गाव वर कड्यावर, कालवा खाली, तेव्हा मुक्काम खाली मिळतोय का वर ते नीट बघून घ्या, नाहीतर दिवसाचा एकमेव खडा चढ नेमका शेवटी येतो. पुढे सोस्स्वाचे चुनखडीचे उंच कडे पाण्यावर ओणवलेले, त्यांवर दोर लावून लोक लटकत असतात.

क्लामसीत पुलावर तराफा हाकणाऱ्या गड्याचा पुतळा आहे, हातात लांब काठी. आपल्या वाचकाला या गावाचं आणखी एक नातं सांगायला हवं: गांधीजींचं चरित्र १९२४ मध्ये युरोपला सांगणारे रोमाँ रोलाँ इथेच १८६६ मध्ये जन्मले, आणि १९४४ मध्ये इथून जवळच्या व्हेझले गावी वारले. व्हेझलेची टेकडी आणि तिच्यावरची बाराव्या शतकातली बॅसिलिका बघायची असेल तर क्लामसीच्या आधीच, शातेल-सांस्वारहून डावीकडे वळा. तासा-दीड तासाचा रस्ता, ओकच्या झाडीतून, आणि शेवटी खरा चढ.

क्लामसीनंतर वाट एकाकी होते. गावं लहान, नावा तुरळक, आणि सार्दीला पोचलात की कालव्याचा सगळ्यात देखणा भाग येतो. साडेतीन-चार किलोमीटरमध्ये १६ एक्ल्यूज, एकामागून एक, जंगलातून जिना चढावा तसे. इथे घाई करू नका. नाव असेल तर थांबून बघा: राखणदार दांडा फिरवतो, लाकडी दरवाजाच्या फटींतून पाणी फवारतं, नाव तसूभर तसूभर वर येते आणि नावेतली बाई तुम्हाला पातळीवर आल्यावर ‘बोंजूर’ म्हणते. सोळा पायऱ्या चढायला नावेला अर्धा दिवस लागतो, तुम्हाला वीस मिनिटं. जुन्या राखणदारांच्या काही घरांत आता कारागीर बसतात, कोणी मातीची भांडी करतं.

वर १ नंबर लागला की कालवा खडकात शिरतो. ला कोलाँसेलचे तीन बोगदे. सगळ्यात लांब साडेसातशे मीटरच्या वर. मधल्या उघड्या चरांत भिंती शेवाळाने हिरव्याकंच, वरून वेली लोंबतात, भर दुपारी संधिप्रकाश. सायकल बोगद्यातून जात नाही. वाट वरून जाते, कडेला उभं राहून खाली डोकावता येतं. पलीकडे बायची आणि व्होची तळी. कालव्याला पाणी पुरवायला ती बांधली, आता तिथे शिडाच्या होड्या आणि तंबूची जागा आहे. तिसरा मुक्काम इथे.

इथून लुआरपर्यंत उरलेले साठ-पासष्ट किलोमीटर उताराचे, म्हणजे सपाटच. शातिओं-आँ-बाझ्वाचा किल्ला, मग कुरणं, शारोले जातीच्या पांढऱ्या गाई, मग कुरणं. खरं सांगायचं तर सेर्सी-ला-तूरपर्यंत जरा कंटाळा येतो.

जंगलात वळायचं तर

तोच कंटाळा टाळायला मी बायच्या तळ्यापाशी एक दिवस जास्त ठेवतो आणि पूर्वेला मोर्वाँत शिरतो. तळी पुरेनात म्हणून योन नदीचं पाणी डोंगरातून आणणारा पंचवीसेक किलोमीटरचा पाट आहे, ‘रिगोल द्योन’. अरुंद, उथळ, डोंगराच्या कुशीने वळणं घेत जाणारा. पुण्यात मुठा कालव्याच्या काठाने फिरलेल्याला तो खेळण्यातला वाटेल. पण मोंत्रयोंला हाच पाट ३३ मीटर उंच दगडी कमानींवरून दरी ओलांडतो. टोकाला पानसियेरचं धरण.

पाटाच्या काठची वाट कच्ची आहे, मुळं आडवी येतात. पावसानंतर रुंद टायर नसतील तर रस्त्यानेच जा. रस्ता निवडायला मिशलँचा १:१,५०,०००चा कागदी नकाशा अजून माझ्या पुढच्या पिशवीत असतो. पिवळे रस्ते टाळायचे, पांढरे घ्यायचे. रस्त्यावर बाणाचं टोक असेल तर ५ ते ९ टक्के चढ, दोन टोकं म्हणजे ९ ते १३, तीन दिसली तर दुसरा रस्ता शोधा. फोनवरची वाट सांगणारी बाई जंगलात लाकूडतोड्यांच्या वाटेवर घालते आणि मग गप्प बसते.

जंगलाच्या चार गोष्टी लक्षात ठेवा. ओंडके वाहणारे ट्रक अरुंद वळणावर अख्खा रस्ता घेतात; आवाज आला की उतरून बाजूला व्हा. उन्हाळ्यात ‘ग्राव्हियों’ अशी पाटी दिसली तर पुढे डांबरावर सुटी खडी टाकलेली आहे, वळणावर पुढचा ब्रेक विसरा. सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर शिकारीचा हंगाम. ‘शास आँ कूर’ अशी पाटी असेल तर भडक कपडे घाला आणि रस्ता सोडू नका, रविवारी तर नाहीच. आणि गोचीड. इथली गोचीड लाइमचा आजार देऊ शकते, म्हणून गवतात बसून जेवलात तर संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत बघा. औषधाच्या दुकानात, हिरव्या क्रॉसच्या पाटीखाली, गोचीड काढायचा छोटा प्लास्टिकचा आकडा मिळतो. तेल, मेणबत्ती असले घरगुती उपाय करू नका.

काठावरही एक शत्रू आहे, तो म्हणजे मासे धरणारा. त्याची काठी कधी कधी दहा मीटर लांब असते, आणि ती मागे ओढताना वाटेवर आडवी येते. लांबूनच घंटी वाजवा, हळू व्हा. काठी मोडली तर तिची किंमत सायकलच्या भाड्यापेक्षा जास्त असते.

मुक्काम, महिना, आणि परत

मे-जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. मेमध्ये जोडून सुट्ट्या असतात, त्या आठवड्याच्या खोल्या आधी धरा. ‘आक्यय व्हेलो’ अशी पाटी असलेली घरं आणि हॉटेलं सायकलसाठी बंद जागा आणि थोडीफार हत्यारं ठेवतात. तंबू असेल तर ग्रामपंचायतीच्या तंबूच्या जागा, ‘कॅम्पिंग म्युनिसिपाल’, स्वस्त आणि स्वच्छ. गरम पाणी मिळतं. शेंगेन व्हिसासाठी विमा काढताना त्यात सायकलवरून पडणं धरलंय का, तेवढी ओळ वाचा.

दसीझ लुआरमधल्या बेटावर वसलेलं गाव आहे, आत जुन्या प्लेन वृक्षांची लांबलचक सावली. ३५ नंबरचा एक्ल्यूज ओलांडून तिथे पोचलात की नव्हेरमार्गे पॅरिसची गाडी मिळते. तिकीट काढतानाच सायकलच्या जागेचं आरक्षण लागतंय का ते बघा, काही गाड्यांना लागतं, काहींना फुकट चालते. गाडी यायच्या आधी पिशव्या कॅरिअरवरून काढून हातात घ्या. डब्यावर सायकलचं चित्र असतं; तो डबा तुमच्या समोरच थांबेल असं नाही, आणि गाडी दोन मिनिटंच थांबते.